हरणासाठी पहिली रायफल: कॅलिबर सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न न्यू जर्सीतून आलाय. थोडक्यात असा: वय अडतीस, उंची पाच फूट पाच, बंदूक आजवर चालवलेली नाही. ऑफिसातल्या मित्राचं पेनसिल्व्हेनियात, पॉटर काउंटीत शिकारीचं केबिन आहे आणि त्याने यंदा हरणांच्या हंगामाला बोलावलंय. सगळं मिळून आठशे डॉलर खर्चायची तयारी आहे. मित्र म्हणतो .३०-०६ घे, व्हिडिओवाले म्हणतात ६.५ क्रीडमूर, आणि दुकानदाराने ‘पुढे एल्कलाही (त्या थोराड हरणालाही) चालेल’ म्हणत .३०० विन्चेस्टर मॅग्नम हातात ठेवली. नेमकं कोणतं कॅलिबर, म्हणजे कोणत्या मापाच्या काडतुसाची रायफल, घेऊ?

मी मूळची संगमेश्वरकडची, बावीस वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. त्यातली सतरा वर्षं हरणाची शिकार करते आणि गेली काही वर्षं नवशिक्यांच्या शिक्षण वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवते. उंची पाच फूट दोन. ही उंची मुद्दाम सांगतेय, पुढे कामाला येईल.

आधी तुमचा प्रश्न जरा फिरवून मांडते. तुम्ही विचारताय, कोणत्या गोळीने हरीण मरेल? तुम्ही नावं घेतलेल्या प्रत्येक गोळीने मरेल. पांढऱ्या शेपटीचं हरीण म्हणजे काही गवा नव्हे. आमच्याकडचा पूर्ण वाढलेला नर साधारण साठ-पासष्ट किलोचा, मादी पन्नासच्या आसपास. मोठ्या बोकडाच्या दीडपट धरा. हृदय आणि फुप्फुसं मिळून जे लक्ष्य बनतं, ते मोठ्या फुलक्याएवढं, आठेक इंचांचं. त्या फुलक्यात बरी गोळी नीट बसली की हरीण पन्नास-शंभर यार्डांच्या आत पडतं. मागे पोटात बसली, तर मॅग्नमसुद्धा तुम्हाला वाचवत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा: उणे पाच तापमानात, जाड कोट घालून, छाती धडधडत असताना, पहिलीच गोळी त्या फुलक्यात ठेवायला कोणती रायफल तुम्हाला मदत करेल? याचं उत्तर तुमच्या अंगावर, खांद्यावर आणि सरावावर अवलंबून आहे. कॅलिबर त्यानंतर येतं.

त्याच्याही आधी कायदा. इथे आपल्या लोकांची चूक होते ती महागात पडते. तुम्ही एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर संघराज्याच्या कायद्याने तुम्हाला बंदूक काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. त्याला एक अपवाद आहे, अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. परवाना आहे तोवर अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली आणि रायफल कपाटात राहिली, तर तुम्ही अडचणीत. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही भानगड नाही. तुम्ही व्हिसाचं काही लिहिलेलं नाही, म्हणून सांगते: तात्पुरत्या व्हिसावर असाल तर पैसे देण्याआधी वकिलाला विचारा. दोनशे डॉलर फी वाचवायला ग्रीन कार्डची रांग पणाला लावू नका. आणि मित्राची रायफल ‘नुसती धरून बघितली’ हेही बाळगण्यातच येऊ शकतं.

दुसरं, न्यू जर्सीत हरणावर रायफल चालतच नाही. तिथे शॉटगन, धनुष्यबाण आणि ठासणीची बंदूक. म्हणजे ही रायफल फक्त पेनसिल्व्हेनियापुरती, हे मनाशी धरून घ्या. घेताना मात्र न्यू जर्सीचे नियम लागतातच. फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड (बंदूक विकत घ्यायची परवानगी) आधी काढावं लागेल आणि ते पोलिसांकडून हातात पडायला वेळ लागतो. नेताना रायफल रिकामी, बंद पेटीत, गाडीच्या डिकीत. पेनसिल्व्हेनियात हरणाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, त्यामुळे तो पर्याय डोक्यातून काढूनच टाका. बोल्ट, लिव्हर किंवा पंप, म्हणजे दर बारानंतर नवं काडतूस हाताने आत घ्यायची रायफल. प्रत्येक राज्याचं तंत्र वेगळं असतं. शेजारच्या ओहायोत रायफलला सरळ भिंतीच्या (स्ट्रेट-वॉल), म्हणजे तोंडाशी मान न आवळलेल्या काडतुसाचीच परवानगी आहे. क्रीडमूर घेऊन तिकडे गेलात तर हात हलवत परत याल.

आता माझी फजिती सांगते, कारण तुमच्या हातात ठेवलेली .३०० मॅग्नम वाचून तीच आठवली. पहिल्या वर्षी नवऱ्याच्या एका ओळखीच्याने मला अशीच मॅग्नम वापरायला दिली. दस्ता (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) माझ्या हाताला लांब, म्हणून मान पुढे काढून रायफलीवरच्या दुर्बिणीत बघत होते. रेंजवर तिसऱ्या बाराला दुर्बिणीची कडा भुवईवर आदळली. तीन टाके पडले. टाके आठवड्यात भरले, पण त्यानंतर चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. मला ते कळतही नव्हतं. हंगामात साठ यार्डांवर एक मादी उभी राहिली. साठ यार्ड म्हणजे वाड्यातून गोठ्यापर्यंत. गोळी वीतभर मागे गेली. अंधार पडेपर्यंत माग काढला, सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि कोयोट आमच्या आधी पोचले होते. ती मादी मी विसरलेले नाही.

बंदूक लाथ मारते ती नुसत्या खांद्याला नाही, मेंदूला मारते. साधारण साडेतीन किलोच्या रायफलीत .२४३ या काडतुसाचा धक्का नऊ-दहा फूट-पाउंड (धक्क्याच्या जोराचं माप) असतो. ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ बाराच्या आसपास, .३०८ सोळा-सतरा, .३०-०६ वीसच्या घरात, आणि .३०० मॅग्नम पंचविसाच्या वर. रायफल जितकी हलकी, तितका हा आकडा चढतो. स्वस्त रायफली प्लॅस्टिकच्या दस्त्यामुळे हलक्याच असतात, हेही ध्यानात ठेवा. माझ्या अनुभवात नवशिक्याला पंधराच्या खालचा धक्का महिनाभरात सवयीचा होतो. विसाच्या वर गेलं की निम्मी माणसं चाप झटक्याने ओढायला लागतात आणि ‘दुर्बीण बिघडलीय’ म्हणतात.

हा दोष स्वतःत आहे का हे बघायची युक्ती सोपी आहे. रेंजवर मित्राला काडतुसं भरायला सांगा आणि मधूनच एक डमी, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस, सरकवायला सांगा, तुम्हाला न कळता. डमीवर चाप ओढलात की आवाज होत नाही, पण नळी खाली डुबकी मारताना सगळ्यांना दिसते. भल्याभल्या दाढीवाल्यांची नळी डुबकी मारते.

तर कॅलिबर. .३०-०६ हे १९०६ सालचं अमेरिकन लष्कराचं काडतूस, त्या ‘०६’चा अर्थ तोच. .३०८ विन्चेस्टर १९५२ मध्ये आलं: गोळीचा व्यास तोच, काडतूस आखूड. व्यास एक असला तरी एकाचं काडतूस दुसऱ्यात घालायचं नाही, ही चूक जिवावर बेतू शकते. .३०८ चंच काडतूस मानेला आवळून .२४३ झालं (१९५५) आणि पुढे ७ एमएम-०८. म्हणजे ही तिघं एका घरातली भावंडं. क्रीडमूर दुसऱ्या घरातलं, २००७ मधलं, मुळात लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी काढलेलं. पण धक्का कमी आणि गोळी लांबट असल्याने हरणाला छान लागू पडलं. व्हिडिओवाले त्याच्या हजार यार्डांच्या गोष्टी सांगतात त्या सोडून द्या. पॉटर काउंटीत हेमलॉक आणि माउंटन लॉरेलच्या झाडझुडपांच्या दाटीत शंभर यार्ड दिसलं तरी नशीब. माझं आजवरचं सगळ्यात लांबचं हरीण एकशे चाळीस यार्डांवरचं, तेही वीजवाहिनीसाठी तोडलेल्या पट्ट्यात.

.२४३ वाईट नाही, अनेक मुलं त्यावरच शिकतात. पण गोळी हलकी, शंभर ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमची. नेम किंचित चुकला तर ती कमी सांभाळून घेते, म्हणून नवशिक्या मोठ्या माणसाला मी ते पहिलं सुचवत नाही. .२७० आणि .३०-०६ उत्तम, पण तुम्ही अजून बंदूकच चालवलेली नाही, तर विसाच्या घरातल्या धक्क्याने सुरुवात कशाला? मित्राच्या बोलण्यात एक तथ्य जरूर आहे. केबिनवर सगळ्यांकडे .३०-०६ असेल तर तुमची काडतुसं घरी राहिली तरी अडणार नाही. आणि डोंगरातल्या लहान गावात हार्डवेअरच्या दुकानात .३०८, .३०-०६ आणि .३०-३० हमखास मिळतात, बाकीचं नशिबावर. २०२०-२१ मध्ये काडतुसांचा दुष्काळ पडला होता तेव्हा मी माझ्या ७ एमएम-०८ ची दोन खोकी सोन्यासारखी जपली. तेव्हापासून हंगामाची काडतुसं मी उन्हाळ्यातच घेऊन ठेवते.

मला बोट ठेवायला सांगाल तर ६.५ क्रीडमूर, १४० ग्रेनच्या आसपासच्या गोळीने. रेंजवर .३०८ उडवून बघितलीत आणि खांदा कुरकुरला नाही, तर .३०८, दीडशे ग्रेन. ७ एमएम-०८ माझी लाडकी, पण काडतुसं शोधावी लागतात आणि तुम्ही नवे आहात.

गोळी कोणती हे कॅलिबरइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते कुणी विचारत नाही. खोक्यावर ‘सॉफ्ट पॉइंट’ किंवा हरणासाठीची फुगणारी गोळी असं हवं. सरावाला स्वस्त मिळते ती पूर्ण तांब्याच्या आवरणाची फुल मेटल जॅकेट हरणावर वापरायची नाही. ती सुईसारखी आरपार जाते, जनावर जखमी होऊन भटकतं, आणि पेनसिल्व्हेनियात ती बेकायदाही आहे. मी स्वतः आता अखंड तांब्याची गोळी वापरते. शिशाची गोळी हाडावर फुटली की बारीक कण मांसात दूरवर जातात, एक्स-रेत दिसतात. घरात लहान मुलं ते मटण खाणार असतील तर खोक्यामागे दहा-पंधरा डॉलर जास्त गेले तरी मला चालतात. कॅलिफोर्नियाने तर जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची काडतुसं बंदच केली आहेत.

आता रायफल. बातमी चांगली आहे: आजची चारशे-साडेपाचशे डॉलरची बोल्ट रायफल माझ्या सुरुवातीच्या काळातल्या हजाराच्या रायफलीइतका नेम देते. सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पॅट्रियट या तिन्हींवर मी विद्यार्थ्यांना शिकवलं आहे. नळ्या चांगल्या असतात. पैसे वाचवलेले असतात ते दस्त्यात, बोल्टच्या गुळगुळीतपणात आणि दिसण्यात. हरणाला त्याचं काही पडलेलं नसतं. ॲक्सिस घेतलीत तर ॲक्युट्रिगर नावाचा चाप असलेली घ्या, कारण साधा चाप जड लागतो. सातशे-आठशेत फिनलंडची टिक्का येते. ती हातात घेतलीत तर बाकीच्या नकोशा वाटतील, म्हणून तुमच्या बजेटमध्ये तिला हातच लावू नका!

मापाचं मात्र बघाच. नेहमीचा दस्ता चापापासून टोकापर्यंत सुमारे पावणेचौदा इंच असतो आणि तो सहा फुटी माणसाच्या हिशोबाने बेतलेला असतो. तुमची उंची पाच-पाच, वर हिवाळी कोट. दुकानात जाताना तोच कोट घालून जा, भर जुलैत का असेना. लोक हसतील, हसू देत. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. मान न ताणता दुर्बिणीतलं पूर्ण गोल दिसलं तर माप बरोबर. काळी चंद्रकोर दिसली आणि मान पुढे काढावी लागली तर साडेबारा इंचांच्या दस्त्याची कॉम्पॅक्ट मागा. तिच्यावर ‘युथ’ लिहिलेलं असलं तर लाजू नका. माझ्या रायफलीवरही आहे. आणि प्रमुख डोळा कोणता ते तपासा: लांबच्या दिव्यावर बोट धरून एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याने बोट जागचं हलत नाही तो प्रमुख. उजव्या हाताच्या बऱ्याच माणसांचा डावा निघतो, आणि मग खांदा कोणता हे आधी ठरवावं लागतं.

जुनी घ्यायची का? जाणकार सोबत असेल तर जरूर. इथल्या गावांत आजोबांची रायफल नातवाला नको असते आणि ती निम्म्या किमतीत मिळते. सॅव्हेज ११०, रेमिंग्टन ७००, मार्लिन ३३६ लिव्हर. पंपवाली रेमिंग्टन ७६० तर पेनसिल्व्हेनियात घरोघरी, कारण सेमी-ऑटो चालत नाही आणि झटपट दुसरा बार तर हवा असतो. नळीचं तोंड ठेचलेलं नाही ना, आत गंज नाही ना, स्क्रूंच्या खाचा उखडलेल्या नाहीत ना, एवढं बघा; दस्ता काढून खालचा गंज बघू देत नसेल तर सोडून द्या. रेमिंग्टन ७०० असेल तर चाप तपासून घ्या. मे २००६ ते एप्रिल २०१४ दरम्यान बनलेल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये परत बोलावल्या होत्या. दुरुस्ती झाल्याचा पुरावा मागा.

दुर्बीण ३-९x४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढची काच चाळीस मिलिमीटरची) घ्या, दीडशे-दोनशे डॉलरची, आणि जंगलात ती तीनवरच ठेवा. नऊवर ठेवलीत तर चाळीस यार्डांवरच्या हरणाचे नुसते केस दिसतात आणि तुम्ही ‘डोकं कुठंय’ म्हणून शोधत बसता. रायफलीसोबत बसवून मिळणारी स्वस्त दुर्बीण चालते, पण तिचे स्क्रू कारखान्यात घट्ट केलेत यावर विसंबू नका. एका विद्यार्थ्याने अर्धा दिवस आणि दोन खोकी काडतुसं घालवली, नेम कधी इकडे कधी तिकडे; शेवटी दुर्बीण धरून ठेवणारं पुढचं कडं बोटाने हललं.

हिशोब मांडू. रायफल साडेचारशे, दुर्बीण आणि कडी मिळून दोनशे, सरावाची तीन खोकी आणि शिकारीचं एक मिळून सव्वाशे. झाले पावणेआठशे. कानाला मफ आणि चष्मा उरलेल्यात बसवा. परवाना, केशरी जाकीट-टोपी (डोकं, छाती, पाठ मिळून अडीचशे चौरस इंच केशरी रंग दिसायलाच हवा) आणि घरातली कुलपाची पेटी हे वेगळं धरा. घरात मुलं असतील तर बोल्ट काढून निराळ्या जागी ठेवा. पैसे कमी पडले तर रायफल स्वस्त घ्या, काडतुसं कमी करू नका.

आधी पंचवीस यार्डांवर नेम लावा, मग शंभरवर गोळी दीड इंच वर बसेल असं करा; दोनशे यार्डांपर्यंत मग वेगळा विचार करावा लागत नाही. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून सुंदर गोळ्या बसल्या की लोक खूश होऊन घरी जातात. जंगलात टेबल नसतं. आठ इंचांच्या कागदी प्लेट लावा आणि मांडी घालून, गुडघ्यावर, झाडाला टेकून उडवा. ज्या अंतरावर दहापैकी दहा प्लेटमध्ये, तेवढं तुमचं अंतर. ते साठ यार्ड निघालं तर साठ. साठवर भरपूर हरणं येतात. घरी रोज दहा मिनिटं रिकामी रायफल, काडतुसं दुसऱ्या खोलीत, नुसता चाप ओढायचा सराव. हा फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा आहे.

जाता जाता, ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आलाच आहे म्हणून. आमच्या आजोबांकडे रानडुकरांपासून भात वाचवायला परवान्याची ठासणीची होती, पावसात दारू भिजली की त्यांच्या शिव्या वाडीभर ऐकू जायच्या. भारतात हरणांची शिकार १९७२ च्या कायद्यापासून बंद आहे आणि असावीच. पण पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतर चकमकीच्या, म्हणजे फ्लिंटलॉक बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. बर्फात दारू भिजते आणि मीही आजोबांचीच भाषा वापरते. रायफल हाताला बसली की दोन-तीन वर्षांनी त्या वाटेला या.

तुमचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. शिकार शिक्षणाचा वर्ग उन्हाळ्यातच करून टाका, पर्चेसर कार्डाचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. कार्ड येईपर्यंत मित्राला रेंजवर न्यायला सांगा (व्हिसाचं मघाशी सांगितलं ते सांभाळून) आणि त्याची .३०-०६, कुणाची .३०८, कुणाची क्रीडमूर, प्रत्येकी पाच-पाच बार उडवा. मधे डमी घालायला सांगा. नळी कशात डुबकी मारत नाही ते मला कळवा, सोबत हाताची लांबी आणि प्रमुख डोळा. मग कोणत्या दस्त्याची घ्यायची ते सांगते.